झाकलेलं टेंगूळ

भालचंद्र खांबेट्यांच्या डोक्यावर जी पाटी आपटली ती त्यांनीच टांगायला लावली होती, आणि नेमकं म्हणूनच त्यांनी ही गोष्ट सात आठवडे कुणाला सांगितली नाही.

खांबेटे दिल्लीत एका मंत्रालयात अवर सचिव होते. त्यांच्या सेक्शनमधून पूर्वी कारखान्यांना परवाने निघत. बाहेरच्या बाकावर लोक फायली मांडीवर घेऊन बसलेले असायचे आणि खांबेटे आतून "अभी टाइम लगेगा" असं सांगायचे. मग उदारीकरण आलं. परवानेच गेले, त्यामागोमाग बाकावरची माणसं गेली. सेक्शन तेवढं राहिलं. "सरकारने देशाला मोकळं केलं, आणि चुकून मलाही," असं ते पुढे स्वतःच सांगायचे. पण अडवण्याची आणि आदेश काढण्याची खुमखुमी अंगात भिनलेली होती, ती कुठे जाणार? ती जिरवायला त्यांना वैशालीतली सोसायटी सापडली.

दिल्लीची हद्द संपते तिथे, मोहरीच्या शेतांमध्ये, त्या वर्षांत चार-चार मजली इमारती उगवत होत्या. वैशाली त्यातलीच. खांबेटे रामकृष्णपुरममधलं सरकारी क्वार्टर सोडून चौथ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरात राहायला आले, तेव्हा सोबत बायको कुमुद आणि सोळा वर्षांची मुलगी सृष्टी होती. कुमुद केंद्रीय विद्यालयात गणित शिकवायची. सोसायटीच्या पहिल्या निवडणुकीत सचिवपदासाठी एकच अर्ज आला, तो खांबेट्यांचा. ते बिनविरोध निवडून आले आणि त्याला ते 'एकमताने' म्हणत राहिले.

महिन्याभरात नोटीस बोर्ड आदेशांनी भरला. गॅलरीत चादरी वाळत घालू नयेत. जिन्यात बॅडमिंटन खेळू नये. प्रत्येकाखाली 'आज्ञा से, सचिव'.

घरातही त्यांचं एक खातं होतं, ते म्हणजे मराठी. दिल्लीत वाढलेल्या मुलीची भाषा बिघडू नये म्हणून जेवताना हिंदी शब्द आला की सृष्टीने सगळं वाक्य पुन्हा म्हणायचं असा नियम होता.

"आई, तो छेदवाला चमचा दे ना."

"झारा," खांबेटे म्हणत. "झारा म्हणतात त्याला. पुन्हा."

"आई, तो झारा दे ना," सृष्टी म्हणे, आणि हळूच, "यार."

कुमुद या भानगडीत पडत नसे. "पुऱ्या गार होतायत," एवढंच म्हणे.

आता पाटीविषयी. इमारतीच्या तळघरात स्कूटरी ठेवायची जागा होती, आणि तिथे उतरताना वर एक सिमेंटची तुळई आडवी येत असे. तळमजल्यावरचे चड्ढा सहा फुटी गृहस्थ. त्यांचं डोकं एकदा तुळईला लागलं आणि त्यांनी सचिवांकडे तक्रार केली. खांबेट्यांना असं काम हवंच होतं. त्यांनी पत्र्याची चांगली दोन हात लांब पाटी रंगवून घेतली, 'सिर बचाकर चलें. आज्ञा से, सचिव', आणि ती दोन साखळ्यांनी तुळईला टांगली.

दुसऱ्याच दिवशी चड्ढांचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं असं की, तुळईखाली फक्त मला वाकावं लागत होतं; पाटी तिच्याखाली वीतभर लोंबते, तिच्याखाली आता सगळ्या सोसायटीला वाकावं लागेल. कृपया पाटी वर घ्यावी.

पत्र अगदी सरळ होतं. खांबेट्यांनी त्याला दोन पानी उत्तर दिलं. पाटी ही वाचण्यासाठी असते, वाचायची तर ती डोळ्यांसमोर असावी लागते, आणि जो वाचेल त्याला ती लागणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांना तो फार आवडला. त्यांनी तो कुमुदलाही वाचून दाखवला. ती वह्या तपासत होती. म्हणाली, "आणि वीज गेली की कसं वाचायचं?"

"तुला प्रत्येक गोष्टीत गणित दिसतं," खांबेटे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला वीज गेली. नोव्हेंबरचा शेवट होता. ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस चुकलेली म्हणून खांबेटे स्कूटर काढायला तळघरात चालले होते, आणि चालता चालता मागे वळून चौकीदाराला, रामसनेहीला, गेट नीट लावण्याविषयी काहीतरी सुनावत होते. तोंड पुढे करतात तोच पाटीची कड कपाळाच्या डाव्या बाजूला, केसांच्या जरा वर, अशी काही बसली की साखळ्या वाजल्या. ते मटकन खाली बसले.

रामसनेही धावत आला. "साहब! लगा क्या?"

"नहीं," खांबेटे म्हणाले. मग उठून, पँट झटकून, घशात आवाज खोल नेऊन त्यांनी आणखी एक आज्ञा दिली. "रामसनेही, किसी को बोलना नहीं."

रक्त आलं नाही. टेंगूळ मात्र सुपारीएवढं आलं. थंडी पडायला लागलीच होती. खांबेट्यांनी त्या संध्याकाळपासून माकडटोपी चढवली. कुमुद म्हणाली, "यंदा लवकर?" तर म्हणाले, "या वयात डोकं जपावं." पाचव्या दिवशी टेंगूळ बसलं आणि खांबेट्यांच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघालं.

डोक्याच्या आतमध्ये ते नुकतंच सुरू झालं होतं.

त्यांनी त्यात स्वतः भरही घातली होती. छप्पन्नावं वर्ष लागल्यापासून ते रोज अर्धी अॅस्पिरिन घेत. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. चार्टर्ड बसमध्ये पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं होतं. रक्त पातळ राहतं, गुठळी होत नाही, हार्ट अॅटॅक येत नाही. डिसेंबरात सकाळी उठल्यावर डोकं जड वाटायला लागलं, तेव्हा खांबेट्यांनी अर्धीची एक केली. गुठळीला भिऊन रक्त पातळ करणारा माणूस आपल्या कवटीत ते थेंबथेंब सांडतो आहे, हे त्यांना कळायला अजून बराच अवकाश होता.

जानेवारी धुक्यातच उजाडला. बस तासतासभर उशिरा येऊ लागली, आणि खांबेट्यांचं काहीतरी बिनसू लागलं. उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागेच राही. दोन पावलं गेल्यावर कळे, मग वळून तिला शोधायचं. सहीतला 'खां' नीट येई, पुढचे 'बेटे' उतरणीला लागत. बसमध्ये पत्ते वाटताना हातातून निसटले, तेव्हा लोक म्हणाले, "खांबेटेजी, ठंड में थोड़ी ले लिया करो, पर सुबह सुबह नहीं." सगळे हसले, खांबेटेही हसले. त्यांना हसताना ओठाची उजवी कड जरा मागे राहिल्यासारखी वाटली. त्यांनी थंडीला दोष दिला.

शब्दांचं सगळ्यात आधी सृष्टीच्या लक्षात आलं. एकदा जेवताना खांबेटे कुमुदला म्हणाले, "ते जरा... ते दे. ते. ओतायचं."

"काय? पळी?"

"हो, तेच." ते चिडले होते. "पळीच म्हणतोय मी."

दोन दिवसांनी ते चष्म्याला 'उशी' म्हणाले. सृष्टी आधी खुदकन हसली, म्हणाली, "बाबा, पुन्हा म्हणा." पण ते पुन्हा उशीच म्हणाले, आणि आपण चुकलो हे त्यांना कळलंच नाही. तेव्हा तिचं हसू गेलं. स्वयंपाकघरात जाऊन ती आईला म्हणाली, "आई, बाबा माझ्यापेक्षा वाईट बोलायला लागलेत. कुछ तो गड़बड़ है."

कुमुदने त्यांना सेक्टरमधल्या डॉक्टर अरोडांकडे नेलं. अरोडा वृद्ध, सावकाश माणूस. रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि नेमका हवा तो प्रश्न विचारला.

"सिर में कहीं चोट लगी थी? पिछले एक-दो महीने में?"

खांबेट्यांना सगळं स्वच्छ आठवलं. साखळ्यांचा आवाजसुद्धा. पण शेजारी कुमुद बसली होती, जिला त्यांनी ते दोन पानी उत्तर वाचून दाखवलं होतं. शिवाय डॉक्टर अरोडा आणि चड्ढा सकाळी बरोबर फिरायला जात.

"जी नहीं," खांबेटे म्हणाले. आश्चर्य म्हणजे हे दोन शब्द एकदम स्पष्ट आले.

अरोडांनी मानेचा त्रास असावा म्हणून पट्टा दिला, आणि आठवड्यात बरं वाटलं नाही तर दिल्लीला मोठ्या इस्पितळात दाखवा असंही बजावलं. खांबेट्यांनी पहिलं ऐकलं. गळ्यात पांढरा पट्टा, डोक्यावर माकडटोपी आणि मागे राहणारी चप्पल, अशा थाटात ते पुढचे नऊ दिवस ऑफिसला गेले. काम नव्हतंच, त्यामुळे कामात चूक झाली नाही.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सोसायटीची सभा होती. धुकं सरून ऊन पडलेलं, इमारतीमागच्या मोकळ्या जागेत सतरंज्या घातलेल्या, बायका शेंगदाणे सोलत बसलेल्या. तिसराच विषय चड्ढांचा होता: तळघरातली पाटी वीतभर वर घ्यावी.

खांबेटे उत्तर द्यायला उभे राहिले. त्यांनी मनाशी भाषण तयार केलं होतं, ते सगळं डोक्यात जसंच्या तसं दिसत होतं. या पाटीने आजवर एकालाही इजा झालेली नाही, हा मुख्य मुद्दा.

"इस बोर्ड से," ते म्हणाले, "आज तक किसी को... किसी को..."

'चोट' हा शब्द समोरच होता, पण हाताला येत नव्हता. ते थांबले. पुन्हा सुरू केलं. "किसी को चावल... चावल नहीं लगा."

कुणीतरी फिसकन हसलं. मग हशा पिकला. चड्ढासुद्धा हसले. खांबेटे चिडले, त्यांनी खिशातून पेन काढलं, लिहूनच द्यावं म्हणून, तर पेन बोटांतून निसटून सतरंजीवर पडलं. ते उचलायला वाकले आणि उजव्या गुडघ्यावर कोलमडले.

हशा विरला. आणि कडेला उभ्या रामसनेहीला राहवलं नाही.

"साहब," तो मोठ्याने म्हणाला, "आपको तो लगा था."

सगळे त्याच्याकडे वळले. रामसनेहीने हात जोडले. "नवंबर में, मेमसाब. बोर्ड सिर पे लगा था, ज़ोर से. साहब ने बोलने को मना किया था."

कुमुद क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिली. खांबेटे खाली मान घालून सतरंजीची किनार चाचपत होते. ती नजर त्यांना नंतर सगळ्या आजारापेक्षा जास्त आठवत राहिली. मग कुमुद उठली. "चड्ढाजी, गाडी आहे ना तुमची?" घाईत ती मराठीतच बोलली होती, पण चड्ढांना कळलं. ते आधीच किल्ली आणायला पळाले होते.

चड्ढांच्या मारुतीत पुढे खांबेटे, मागे कुमुद आणि सृष्टी. यमुनेचा पूल आला. पुलावर खांबेट्यांना वाटलं, या माणसाची माफी मागावी. त्यांनी चड्ढांच्या दंडाला हात लावला आणि खूप जोर करून म्हणाले, "बोर्ड... गरम."

"हाँ जी, हाँ जी," चड्ढा समोर बघतच म्हणाले. "बहुत गरम है. आप आराम से बैठो." त्यांचे डोळे पाणावले होते.

इस्पितळात डॉक्टर सक्सेना नावाची तरुण बाई होती. तिने पेन दाखवलं. "ये क्या है?"

खांबेट्यांना नाव आठवेना. मग हिंदीचं निमित्त मिळाल्यासारखं त्यांनी कुमुदकडे बघून हात हलवला. कुमुदला तेवढ्यावरून समजलं. "हिंदीत नको, मराठीत सांगा," ती म्हणाली. "काय आहे हे?"

डॉक्टरांनी पेन तसंच धरून ठेवलं. खांबेटे त्याच्याकडे बघत राहिले. आपण मराठीचे राखणदार, तेहतीस वर्षं परमुलखात राहून एक शब्द गमावला नाही असं मिरवणारे. आणि आता सगळं कपाट रिकामं. हिंदी नाही, मराठी नाही, इंग्रजीही नाही. पहिल्यांदाच ते खरोखर घाबरले. सृष्टीने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तो जड आणि परका होता, पण तिचा हात गरम आहे हे त्यांना कळलं.

सीटी स्कॅनची फिल्म सक्सेनाबाईंनी उजेडाच्या पेटीवर लावली. डाव्या बाजूला कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये एक चंद्रकोर दिसत होती. ते रक्त होतं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्या म्हणाल्या, आणि त्याच्यापासून कवटीच्या अस्तराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. जरासा धक्का बसला की एखादी फाटते. रक्त धो धो येत नाही, झिरपतं. आठवडेच्या आठवडे साठतं आणि मेंदूला एका कडेला ढकलतं. रक्त पातळ करणारी गोळी वगैरे घेतात का हे?

"अॅस्पिरिन," कुमुद म्हणाली. "बसमधल्या डॉक्टरांची."

ऑपरेशन त्याच दुपारी झालं. कवटीला दोन भोकं पाडली आणि आतलं जुनं, काळपट रक्त धुऊन काढलं. "गाडीचं इंजिन ऑइल बदलतात ना, तसंच दिसतं ते," असं सक्सेनाबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. त्यांना मारुतीवाले चड्ढाच पेशंटचे भाऊ वाटले होते, म्हणून समजावणं सगळं त्यांना उद्देशून चाललं होतं. चड्ढांनी मान डोलावली, भाऊ नसल्याचं काही सांगितलं नाही.

शब्द परत यायला दोन दिवसही लागले नाहीत. पहिला आला तो 'चाय', आणि सृष्टीने त्यांना वाक्य पुन्हा म्हणायला लावलं नाही. मग पाणी, उशी, चष्मा, सगळे आपापल्या जागी. तिसऱ्या दिवशी नर्सने वॉर्डच्या भिंतीवरच्या सूचना वाचून दाखवायला सांगितल्या, तर खांबेट्यांनी त्यातली व्याकरणाची एक चूक काढली. कुमुद म्हणाली, "आता खरे बरे झालात."

पण ती हसली नव्हती. दुपारी सृष्टी खाली गेली तेव्हा तिने स्टूल जवळ ओढलं.

"अरोडांनी विचारलं होतं. मी शेजारी होते. तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"का?"

खांबेट्यांनी छताकडे पाहिलं. उत्तरं बरीच सुचत होती. शब्दांची आता ददात नव्हती. त्यांनी ती सगळी बाजूला सारली. "तू हसली असतीस," ते म्हणाले.

"हसलेच असते!" कुमुदचा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वळून पाहू लागला. "पोटभर हसले असते. आणि मग तुम्हाला घेऊन इथे आले असते. आणखी नऊ दिवस उशीर झाला असता तर मी कुठे हसायला जाणार होते, सांगा?"

ती रडायला लागली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. खांबेट्यांनी उजवा हात उचलला. तो उचलला गेला. तिच्या डोक्यावर ठेवावा असं त्यांच्या मनात होतं, पण तो तिच्या नाकावर पडला.

"अजून नेम चुकतोय," ते म्हणाले. तेव्हा ती रडता रडता हसली.

मग खांबेट्यांनी आपल्या नावावरून विनोद केला. कपाळात चंद्रकोर असणार हे आईवडिलांना छप्पन्न वर्षांपूर्वीच कळलं होतं, म्हणून तर भालचंद्र ठेवलं. कुमुदने तो ऐकून घेतला. पुढच्या चार दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाबरोबर तिला तो पुन्हा ऐकावा लागला.

नवव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. जिने सावकाश चढा, प्रत्येक मजल्यावर बसा, असं सक्सेनाबाईंनी सांगितलं होतं. चड्ढांनी तळमजल्यावर आपली खुर्ची बाहेर काढून ठेवली होती. खांबेटे तिच्यावर बसले. डोकं तुळतुळीत, डाव्या बाजूला दोन पट्ट्या. "चड्ढाजी," ते म्हणाले, "आप सही थे. मैं गलत था. आपकी चिट्ठी सही थी, मेरा जवाब गलत था. दोनों पन्ने."

"छोड़ो जी," चड्ढा म्हणाले. त्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी पाणी आणलं.

पहिल्या मजल्यावर गुप्ताबाई दारात आल्या, आणि खांबेट्यांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. तोंड मागे करून गेटबद्दल बोलत होतो, साखळ्या वाजल्या, रामसनेहीला गप्प बसवलं, डॉक्टरांशी खोटं बोललो. मानेच्या पट्ट्याची नक्कलही करून दाखवली. दुसऱ्या मजल्यावर दोन घरं होती; दोन्हीकडे सांगितलं. तिथे त्यांनी 'चावल नहीं लगा' हेही घातलं, आणि लोक हसावं की नाही या संकोचात होते, तर हेच आधी हसले. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांना अॅस्पिरिनची जागा नेमकी कुठे आणायची हे कळलं होतं. तिथल्या आजीबाईंनी कानाला हात लावून पुन्हा विचारलं, तर त्यांनी पुन्हा पाटीपासून सुरुवात केली. कुमुद पिशव्या घेऊन कठड्याला टेकली होती आणि मधेच "सात आठवडे, दोन महिने नव्हे" अशी दुरुस्ती करत होती. सृष्टी पुढे जाऊन घराचं दार उघडून उभी होती.

शेवटी ते चौथ्या मजल्यावर पोहोचले. समोरच्या घराला कुलूप होतं. खांबेटे गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकले, दम खाल्ला, आणि त्या बंद दाराकडे जरा निराश होऊन बघू लागले.

"चला आत," कुमुद म्हणाली, "की गच्चीवरच्या टाक्यांनाही सांगून यायचंय?"